सातव्या खांबाचे दस्तगीरचाचा

दस्तगीरचाचांनी मला कधी नावाने हाक मारली नाही. मालधक्क्यावरच्या एका पार्सल एजंटच्या ऑफिसात मी कारकून म्हणून लागलो, तेव्हा पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, "शिक्षण?"

मी जरा ताठ होऊन सांगितलं, "बी.कॉम. आमच्या घरातला पहिला."

माझे वडील मार्केट यार्डात हमाल, बिबवेवाडीत आमची दीड खोली. ती पदवी मी काही लपवून ठेवणार नव्हतो. चाचांनी सुतळी दातांनी तोडली, मला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि म्हणाले, "बरं झालं. धक्क्यावर एकही पदवीधर नव्हता. इतकी वर्षं आम्ही आपले अडाणीपणाने माल पोचवत होतो."

तेव्हापासून मी पदवीधर. तेही 'अहो पदवीधर'. वयाने ते माझ्या वडिलांपेक्षा मोठे, मी दहा वेळा म्हटलं की चाचा, मला अरेतुरे करा. तर म्हणायचे, "तुम्हाला करेन हो, पण डिग्रीला कसं करू?"

पुणे स्टेशनाच्या कडेला, हमरस्त्यापासून जरा आत तो धक्का होता. होता म्हणतो, कारण आता नाही. मी लागलो तेव्हाच मालगाड्या गावाबाहेरच्या यार्डात जायला लागल्या होत्या. रुळांत गवत, छपराच्या पत्र्याला भोकं, भिंतीच्या कडेने मुतारीचा वास. शहराच्या ऐन मध्यावर एवढी जागा आणि तिच्याकडे बघायला कुणाला वेळ नव्हता. पण त्या लांबलचक शेडच्या लोखंडी खांबांपाशी आठ-दहा माणसं अजून बसत. रेल्वे पार्सलने जाणारा माल गोणपाटात बांधून, शिवून, त्यावर पत्ता घालून देणारी माणसं. कोर्स संपवून घरी निघालेल्या पोरांच्या मोटरसायकली, बदली झालेल्या जवानांच्या ट्रंका, नोकरी बदलून बंगळूरला चाललेल्यांची बिऱ्हाडं. एका खांबापाशी एक माणूस. सातवा खांब चाचांचा, त्याआधी त्यांच्या वडिलांचा. कागदावर कुठेच नाही, पण धक्क्यावर 'सातवा' म्हटलं की दस्तगीर.

रोज सकाळी येरवड्याहून सायकलवर यायचे. पांढरी दाढी बारीक कापलेली, अंगात कायम इस्त्रीचा शर्ट. गोणपाटाचं काम करणाऱ्या माणसाला इस्त्री कशाला, असं मी एकदा विचारलं. "माल घाणेरडा असला तर दोष गिऱ्हाइकाचा. मी घाणेरडा दिसलो तर माझा," एवढंच उत्तर मिळालं.

जेमतेम चौथी शिकलेला माणूस, पण ब्रशने पत्ता लिहायला बसला की बघत राहावं. मराठी, हिंदी, उर्दू, आणि इंग्रजीसुद्धा. इंग्रजी अक्षरं ते चित्रासारखी काढायचे, उलटी खालून वर, पण एकही वाकडं नाही. गावाचं नाव तोडून लिहिलेलं त्यांना खपत नसे. लिहून झालं की गिऱ्हाइकाला समोर उभं करायचे. "वाचा. मोठ्यानं वाचा. मनात नको. माल मुका असतो, वाटेत त्याला कुणी विचारलं तर तो काय सांगणार?" मग कंपनीत मोठ्या पगारावर असलेली पोरं त्या धक्क्यावर उभी राहून शाळेतल्यासारखा आपल्या बापाचा पत्ता मोठ्याने वाचायची.

गाडी बांधण्याआधी टाकीतलं पेट्रोल काढावं लागतं, रेल्वेचा नियम. बाकीचे ते ठेवून घेत. चाचा बाटलीत भरून गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचे. "आता मी हे घेऊन काय करू? गाडी तर चालली," असं एक पोरगा म्हणाला, तर चाचा म्हणाले, "ते मला काय ठाऊक? तुमचं आहे, तुम्ही विचार करा." तो पोरगा बाटली धरून बराच वेळ तिथे उभा होता.

कुणी घाई केली की त्यांना फार राग यायचा. "लवकर होईल ना?" असं विचारलं की म्हणायचे, "लवकर पाहिजे तर बसून चालवत न्या. गाडीला चाकं आहेत."

गाडीच्या आरशांना गुंडाळायला ते रद्दी आणायचे आणि गुंडाळण्याआधी वाचायचे. चार-चार महिन्यांपूर्वीची बातमी मन लावून. मी ताजा पेपर पुढे केला तर हात लावायचे नाहीत. "ताज्या बातमीचं काय होणार याची काळजी लागते. जुनी बरी. जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं."

एकदा नारायण पेठेतल्या एक बाई शिलाई मशीन घेऊन आल्या. निवृत्त शिक्षिका असाव्यात, बोलण्यावरून तरी. मशीन मुलीला भुसावळला पाठवायचं होतं. चाचा शिवत होते आणि बाई शेजारी उभ्या राहून टाका टाका तपासत होत्या.

"हे माझ्या सासूबाईंचं आहे. ओरखडा आला तर मी परत येईन."

"आणि नाही आला तर?"

"तर कशाला येऊ?"

"बरोबर आहे. काम चांगलं झालं तर पुण्यात सांगायला कुणी येत नाही."

बाई पावती घेऊन निघून गेल्या. पण महिन्याभराने भर उन्हात छत्री घेऊन आल्या, सातव्या खांबासमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "पोचलं. ओरखडा नाही. सांगायला आले." आणि वळून चालायला लागल्या. चाचा पुढे कित्येक दिवस ज्याला त्याला सांगत होते, "नारायण पेठेचं सर्टिफिकेट आहे माझ्याकडे. तोंडी आहे, पण आहे."

दुसरी गोष्ट सांगायला जड जाते. बिहारमधून एक गृहस्थ आले होते. मुलगा इथे इंजिनिअरिंगला होता, तापाने गेला. हॉस्टेलवरचं सामान आणि मोटरसायकल घरी न्यायची होती. फॉर्म मीच भरत होतो. पाठवणाऱ्याचं नाव विचारलं, तर त्यांनी मुलाचं सांगितलं. गाडीचे कागद त्याच्या नावावर होते, त्यांना वाटलं तेच लिहायचं असतं. मी लिहिलं. चाचांनी नेहमीसारखी गाडी शिवली, फॉर्मवरून दोन्ही नावं गोणपाटावर उतरवली आणि सवयीने म्हणाले, "बाबूजी, एक बार ज़ोर से पढ़िए."

ते वाचायला लागले. पाठवणारा, मुलाचं नाव. घेणारा... आणि तिथे स्वतःच्या नावापाशी त्यांचा आवाज गेला. चाचांना तेव्हा कळलं. त्यांनी पुढचं स्वतः वाचलं. नाव, बापाचं नाव, गाव, पोस्ट, जिल्हा. एकेक अक्षर सावकाश, मोठ्याने, सगळा धक्का ऐकत असताना. मग ब्रश धुतला, सुतळी गुंडाळली आणि दुपारी बाराला सायकल काढली. "आज एवढंच," म्हणाले. त्या दिवसानंतर ते गिऱ्हाइकाला आधी विचारायला लागले, "घरी सगळे बरे आहेत ना?" आणि मगच वाचायला लावायचे.

आता बबनरावांबद्दल सांगायला पाहिजे, कारण पुढचं सगळं त्यांच्याशी जोडलेलं आहे. बबनराव आठव्या खांबाचे. हवेली तालुक्यातल्या एका खेड्यातून यायचे. चाचांपेक्षा थोडे लहान, त्यांना 'भाई' म्हणायचे, पण दोघांचं अरेतुरे. दिवसभर भांडायचे आणि डबा एकत्र खायचे.

धक्क्यावर एक पद्धत होती, जागा राखायची. पूर्वी धक्का जोरात होता तेव्हा कुणाची जागा घटकाभर मोकळी दिसली की हमाल तिथे पोती टाकून जायचे आणि मग ती पोती चार दिवस हलायची नाहीत. म्हणून कुणी जेवायला गेलं, दवाखान्यात गेलं, मयताला गेलं, तर शेजारच्याने त्याच्या खांबाशी जाऊन बसायचं. नुसतं बसायचं नाही, त्याचं काम करायचं, त्याच्या नावाने माल घ्यायचा, पावतीवर सही लागली तर तीही ठोकून द्यायची. बबनरावांची बायको आजारी होती तेव्हा चाचांनी त्यांची जागा दोन महिने राखली, दोन्ही खांबांचं काम करून. आणि दर शुक्रवारी चाचा दुपारच्या नमाजाला गेले की बबनराव उठून सातव्या खांबाशी जाऊन बसायचे. मी तिथे होतो तेवढ्या वर्षांत एक शुक्रवार चुकला नाही.

मग हब यायचं ठरलं. मेट्रो, बस, रेल्वे, सगळं एका छताखाली. धक्क्याच्या भिंतीवर भलंमोठं चित्र लागलं. काच, झाडं, कारंजी, हसत चाललेली माणसं. चाचांनी ते चित्र बारकाईने पाहिलं. "पदवीधर, यात कुणाच्याच हातात सामान नाही. हे लोक गावाला जात नाहीत का?"

पण त्यांचा विरोध नव्हता, हे मला मुद्दाम सांगायचंय. आम्हा कुणाचाच नव्हता. पावसात शेड गळायची, बायाबापड्यांना संडास नव्हता. "संडास बांधणार असतील तर पहिली सही माझी," चाचा म्हणाले होते. आणि धक्क्यावर बसणाऱ्यांची यादी करून प्रत्येकाला हबमध्ये एक गाळा मिळणार होता. चाचांच्या हिशेबी हे ठरलेलंच होतं. "बापाच्या वेळी पत्रा नव्हता, तो उन्हात बसला, मी पत्र्याखाली बसलो, आता पंख्याखाली बसतो," असं ते म्हणायचे. गाळ्यावर पाटी स्वतःच्या हाताने रंगवायची, मराठीत आणि उर्दूत, हेही ठरवून टाकलं होतं.

यादी करणारी माणसं आली ती शुक्रवारी दुपारी. दोन तरुण, अंगात पिवळी जाकिटं, हातात टॅब. चाचा नमाजाला गेलेले. बबनराव सातव्याला येऊन बसले होते, आणि आठव्याला त्यांनी घटकाभर मुलाला, संतोषला, बसवलं होतं. संतोष टेम्पो चालवायचा, त्या दिवशी सहज बापाला डबा द्यायला आला होता.

जाकिटवाल्यांतला एक पोरगा बबनरावांपुढे उभा राहिला. "इथं कोण बसतं?"

"ही भाईची जागा हाय. म्या राखतोय."

"तसं नको, काका. आत्ता कोण बसलंय?"

"आत्ता? आत्ता मीच की."

पोराने त्यांचाच फोटो काढला, त्यांचंच नाव घातलं, अंगठा घेतला. बबनरावांनी दिला. दर शुक्रवारी भाईच्या पावत्यांवर सही करत होते, तसाच हा अंगठा. जागा राखायची म्हणजे जे येईल ते करायचं. पोरगा पुढे आठव्याला गेला, तिथे संतोषचा फोटो, संतोषचा अंगठा.

चाचा परत आले तेव्हा मी तिथेच पावत्या घ्यायला उभा होतो. बबनराव खुशीत होते. "भाई, तुझं काम करून ठिवलं बरं का! यादीवालं आलं व्हतं. अंगठा दिऊन टाकला."

"बरं केलंस," चाचा म्हणाले. "तू नसतास तर राहून गेलं असतं."

मी हे ऐकलं. माझ्यासमोर झालं. धक्क्यावरचा एकटा पदवीधर मी, आणि माझ्याही डोक्यात आलं नाही की हा अंगठा पावतीवरचा नव्हे. मी पावत्या घेतल्या आणि निघून गेलो.

चार-सहा महिन्यांनी यादी लागली. मी तीन वेळा वाचली. सातव्या जागेपुढे बबनराव, आठव्यापुढे संतोष. दस्तगीर हे नाव कुठेच नव्हतं. चाचा शेजारी उभे होते. "मोठ्यानं वाचा की," म्हणाले. मी वाचली. ते म्हणाले, "पुन्हा एकदा."

हरकत घ्यायला थोडे दिवस होते. मी अर्ज लिहिला, चाचांना घेऊन त्या कचेरीत गेलो. अधिकारी माणूस वाईट नव्हता, त्याने बसायला खुर्ची दिली, अर्ज सगळा वाचला.

"तुमचं खरं असेल हो," तो म्हणाला. "हरकत घेतलीत तर चौकशी लागेल. त्या जागेवर ज्यांनी अंगठा दिला त्यांनी खोटी माहिती दिली असं ठरलं, तर त्यांचं नाव जाईल. मुलाचंही जाईल. मग तुमचा विचार होईल."

"ते आपणहून सोडतो म्हणाले तर?" मी विचारलं.

"तर गाळा कार्यालयाकडे परत. यांना मिळेलच असं नाही."

चाचा खुर्चीत पुढे सरकले. "साहेब, तो खोटं बोललेला नाही. तुमच्या माणसाने विचारलं, आत्ता कोण बसलंय. तो म्हणाला, मी. खरंच तोच बसला होता."

"कागदावर तसं चालत नाही, बाबा. खोटी माहिती असं लिहून द्यावं लागेल. सही इथे."

चाचांनी पेन हातात घेतलं. मला वाटलं, करतात. त्यांनी पेनचं टोपण लावलं आणि टेबलावर ठेवलं. "आपला वेळ घेतला," म्हणाले आणि उठले.

जिन्यात मी आवाज चढवला. कबूल करतो, चढवला. "चाचा, सही करा. तुमच्या वडिलांची जागा आहे. ते लोक दोन गाळे घेणार आणि तुम्ही घरी बसणार?"

"त्याला तिथं कुणी बसवलं?"

"म्हणजे?"

"मी बसवलं. दर शुक्रवारी. माझ्या सांगण्यावरून बसला आणि मीच लिहून देऊ, की हा खोटा? अहो, उद्या त्याच्यासमोर डबा उघडायचा आहे मला."

"चौकशीत सगळं समजावून सांगू की आपण."

"तुम्ही सांगाल. पण कागदावर काय राहील? त्याचं नाव आणि पुढे खोटा." दोन पायऱ्या उतरून ते थांबले. "आयुष्यभर लोकांची नावं लिहिली मी, पदवीधर. कुणाच्या नावापुढे असलं काही लिहिलं नाही."

बबनरावांना कळलं तेव्हा ते खांबाला डोकं टेकून रडले. सगळ्यांदेखत. "भाई, गाळा तुझाच. म्या नुसता नावाला. तू बस." चाचा म्हणाले, "रडू नको, गिऱ्हाईक आहे समोर." पण अर्ज करायची मुदत संपली, शेड पाडली, तीन-चार वर्षं पत्र्याच्या कुंपणाआड काम चाललं आणि हब उभं राहिलं. त्या काळात चाचा घरीच होते. संतोषने टेम्पो विकला. दोन्ही गाळ्यांत चार्जर, मोबाईलची कव्हरं, पाण्याच्या बाटल्या असा माल भरला.

बबनरावांनी शब्द पाळायचा प्रयत्न केला, नाही असं नाही. येरवड्याला जाऊन चाचांना घेऊन आले, गाळ्यात स्टूल टाकून दिलं. पण तिथे गोणपाट, पेंढा, सुतळी काही आणायला मनाई, आगीची भीती. चाचा स्टुलावर हात मांडीवर ठेवून बसायचे. एखादी पोरगी चार्जर मागायची, त्यांना तो सापडायचा नाही, संतोष पटकन पुढे होऊन द्यायचा. चिडून नाही, पटकन. चौथ्या दिवसापासून चाचा आले नाहीत. बबनराव मला म्हणाले, "पदवीधर, त्या पोरानं इचारलं तवा म्या काय बोलायला पायजे व्हतं?"

त्यानंतर मी येरवड्याला दोनदा गेलो. चाची दारातच हसून म्हणाल्या, "बघा तुमच्या चाचांची करामत." चाचा गल्लीतल्या लोकांच्या गोधड्या शिवून देत होते. हात पार्सलचा, टाका इतका घट्ट की गोधडी भिंतीला उभी करून ठेवली तर उभी राहायची. "अंगावर घेतली की वाकत नाही," चाची म्हणाल्या. चाचाही हसले, पण टाका ढिला केला नाही.

दुसऱ्या भेटीत निघताना ते म्हणाले, "पदवीधर, माझी जागा आता कुठे येते ते एकदा बघायचंय. त्या स्टुलावर बसलो होतो तेव्हा बघायचं सुचलं नाही."

पुढच्याच आठवड्यात मी त्यांना घेऊन गेलो. इस्त्रीचा शर्ट होताच. खुणेचं असं काही उरलं नव्हतं. फक्त रुळांवरून जाणारा जुना पादचारी पूल तेवढा ठेवलेला. त्याच्या शेवटच्या पायरीपासून चाचा पावलं मोजायला लागले. "बावीस," म्हणाले, "डोळे मिटून सांगतो." एकोणिसाव्याला काचेची भिंत आली. मग आम्ही वळसा घालून आत गेलो, सामान तपासायच्या यंत्राशेजारून, आणि काचेच्या आतल्या अंगाने उरलेली तीन पावलं त्यांनी टाकली. सरकत्या जिन्याच्या तोंडाशी, जिथे फरशीवर पिवळे बाण आहेत, तिथे ते थांबले.

"इथं," म्हणाले.

फरशी चकचकीत होती. ते खाली बघत उभे राहिले. मागून माणसं येत होती, पाठीवर लॅपटॉप, कानात गाणी. गार्ड आला. तरुण पोरगा, बोलायला नीट.

"आजोबा, इथं थांबू नका. मागून लोक येतायत."

"किती वेळ थांबलेलं चालतं?"

"थांबायचंच नसतं इथं."

"बरं," चाचा म्हणाले आणि एक पाऊल बाजूला झाले. मला म्हणाले, "जा तुम्ही, तुमची गाडी जाईल. मी बसने जातो येरवड्याला."

मला नव्या नोकरीवर पोचायचं होतं. मी जिन्यावर चढलो. थोडा वर गेल्यावर मागे वळून पाहिलं. गार्ड कुणाला तरी तिकिटाचं सांगत होता, त्याची पाठ होती. चाचांनी ते पाहिलं, आणि ते पुन्हा तेवढंच एक पाऊल आत आले, बरोबर त्या जागेवर, आणि हात मागे बांधून उभे राहिले. लोक त्यांना वळसा घालून जिन्यावर चढत होते. कुणी त्यांच्याकडे पाहिलं नाही. मग गार्ड वळला, जवळ आला, काहीतरी बोलला आणि त्यांच्या कोपराला धरून, अगदी हळू, त्यांना बाजूला न्यायला लागला. चाचा निमूट चालले होते. जिना मला वर नेत होता. मधे वरच्या मजल्याची फरशी आली, आणि मग ते मला दिसले नाहीत.